करवलीचा डावा हात

"सर, पालीची शेपटी तुटली की परत येते, मग माझी दोन बोटं का आली न्हाईत?"

दहावीच्या अख्ख्या वर्गानं माना वळवल्या. तनुजानं हे विचारलं होतं डावा हात वर करून, आणि खरी पैज तीच होती. चौथीत असताना कडबा कुटायच्या मशीननं तिची करंगळी आणि शेजारचं बोट नेलं, तेव्हापासून तो हात ओढणीखालीच राहायचा. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण लायबा म्हणाली होती, "नुसतं विचारायला काय जातंय? तो हात वर करून विचार, तर मानलं. डरतीस काय?" सृष्टीनं वर दोन प्लेट भजी लावली होती.

विज्ञानाच्या रविकांत सरांनी हाताकडं नीट पाहिलं. नजर चोरली नाही.

"बेस प्रश्न हाय," ते म्हणाले. "पालीला नवी शेपटी येती, पण पहिल्यासारखी न्हाई बरं का. आत मणक्याची हाडं नसतात, नुसती कूर्चा. दिसायलाही वेगळी. खेकड्याचा नांगा तुटला तर कात टाकताना नवा येतो, आधी बारका. लहान लेकराच्या बोटाचं नुसतं टोक गेलं तर कधीकधी भरून येतं. पण मुळापासून गेलं, की आपलं शरीर जखम बुजवून मोकळं होतं. असं का, ते लोक अजून शोधून राहिले."

"सर, पालीला लाज वाटत नसंल का, तसली शेपटी घेऊन फिरायची?" मागून सृष्टी.

"तिलाच विचार अन् मला सांग!"

वर्ग खो खो हसला. तनुजाही हसली. प्रश्न संपला तरी तिचा हात वरच होता. खाली घ्यायचं ती चक्क विसरली होती.

"भजी बुडाली माझी," सृष्टी कुरकुरली.

घरी ताईच्या लग्नाची धांदल. तिची आई जगदेवी आहेराच्या साड्या लावत बसलेली; बाबा पत्रिकांवर नावं टाकत होते. नवरीच्या मागं पाण्यानं भरलेला कऱ्हा घेऊन उभी राहायची ती करवली, आणि ताईची सख्खी बहीण तनुजा एकटीच. पण आईनं कऱ्ह्याचा मान मावशीच्या लेकीला, महामायाला देऊन टाकला होता. "नवऱ्याकडचे उमरीचे पाहुणे बघतील गं. अन् हातातून सुटला म्हंजे? भर मांडवात अपशकुन!" त्या दिवशी तनुजा फक्त "बरं" म्हणाली होती, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडली होती.

आज तिनं दप्तर फेकलं. ट्यूबलाइटच्या मागून एक पाल निघाली. बुडखी, काळपट शेपटी. घरभर माणसं असताना तिनं सगळ्यांदेखत एक किडा मटकावला आणि तशीच ऐटीत भिंतीवर बसून राहिली.

तनुजा देवघरापाशी गेली. तांब्याचा कऱ्हा काठोकाठ भरला, पानं लावली, वर नारळ ठेवला. उजवा हात बुडाशी, डावा गळ्यापाशी. उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्यानं गळा आवळून धरला. अंगठा लई भक्कम झाला होता, हे तिला आजच कळत होतं.

"अगं ए, ठेव ते! सांडशील!" आई उठलीच.

तनुजा साड्यांच्या ढिगाला वळसा घालून बाबांसमोर जाऊन उभी राहिली. मशीनच्या त्या दिवसापासून बाबांनी तिच्या डाव्या हाताकडं कधी सरळ पाहिलंच नव्हतं. आताही ते पत्रिकेतच डोकं खुपसू लागले.

"बाबा, वर बघा."

"बाई, कशाला हट्ट..."

"हाताकडं बघा, बाबा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ. हातातलं पेन तसंच राहिलं. कऱ्हा जड होता. तो जरासा कलला आणि काठावरून पाणी तिच्या पायावर सांडलं.

"बघ, सांडलं का न्हाई?" आई म्हणाली.

"हाव, सांडलं. पुसते की. मांडवात सांडलं तर तिथंबी पुसंन." तनुजानं कऱ्हा आणखी वर उचलला. "पर आई, बाबा, तुमी दोघं ऐका. महामायाला आजच फोन करून सांगा. ताईच्या मागं कऱ्हा घेऊन मीच उभी राहणार. याच हातानं. अन् ओढणी घेणार न्हाई."