दुसरी यादी

वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यात राघो सहा महिन्यांनी एकदा यायचा. घरोघर जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं ते लिहायचं, हे त्याचं सरकारी काम. गावातले हरेश मास्तर तीच नोंद वर्षभर वेगळी ठेवायचे. एकमेकांची यादी बघायची नाही, असा नियम. दोन्ही याद्या टपालानं जिल्ह्याच्या ऑफिसात गेल्या की तिसराच कोणी ताडून बघणार. एकाचं चुकलं किंवा एकाला कोणी दाबलं, तर दुसऱ्याच्या कागदावर ते सापडावं.

या खेपेला मास्तर वही उघडूनच उभे होते.

"राघोभाऊ, उतरवून घ्या सरळ. घरी लवकर जाल."

"घरी कोण बसलंय माझी वाट बघत?"

मास्तर ओशाळले. राघोची बायको कमळ जाऊन आठ महिने झाले होते. वही मिटायला सांगून राघो पहिल्या घराकडे निघाला. मास्तर मागोमाग आलेच.

चौथं घर रंभाबाईचं. ती ओटीवर दोन महिन्यांच्या नातीला चमच्यानं दूध पाजत होती.

"घरात कोण कोण, रंभाबाई?"

"मी, माजा मुलगा, आन ही."

"आणि सून? मागल्या वेळी रंजिता लिहिलीय मी."

रंभाबाईनं मास्तरांकडे बघितलं. "म्हायेरी गेली. कायमची."

"एवढ्याशा पोरीला टाकून?"

चमचा थांबला. "टाकून नाय गेली ती!" रंभाबाई एकदम बोलली. "रगत थांबंना तिचं. मुरबाडला नेताना जीपमधीच गेली. मास्तर बोलले, खरं सांगाल तर पोलीस येतील, पोराला इचारतील उशीर का केला."

मास्तरांनी राघोला अंगणाच्या कडेला नेलं.

"भाऊ, ती रस्त्यात गेली, गावात नाय. आणि यंदा तालुक्यात एकही बाळंतीण दगावली नाय, असं वर कळवून झालंय. तालुका ऑफिसातल्या साहेबांचाच फोन होता. दोन याद्या जुळल्या नाय तर तपासायला माणूस येईल. मग मी कुठं जाऊ?"

"कुठंही गेली तरी ज्या घरची, तिथंच लिहायची. तुम्हाला काय मी शिकवू?"

"एका नावानं काय फरक पडतो तुम्हाला?"

कमळचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला राघो स्वतः गेला होता. तिथल्या कारकुनानं पट्टी धरून रेघ मारली, तेव्हा फार लागलं होतं. पण ती रेघ खरी होती. इथं मेलेली बाई तान्ही पोर टाकून निघून गेली, असं लिहायचं होतं.

तो परत ओटीवर बसला. "वय काय होतं रंजिताचं?"

"बावीस." रंभाबाई घाबरली होती. "आमच्यावर काय येनार तर नाय ना, भाऊ?"

"या कागदावरनं पोलीस येत नाहीत," तो म्हणाला. साहेब काय करतील, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं नाव लिहिलं, पुढं मृत्यू लिहिलं, कारण लिहिलं. मास्तर निघून गेले.

उरलेली घरं संपवून तो रस्त्यावर एसटीची वाट बघत उभा राहिला, तेव्हा साहेबांचा फोन आला. मास्तरांनी कळवलं असणार.

"राघो, ते पेन्सिलनं लिहिलंस ना?"

"नाही साहेब. पेनानं."

"उद्या ऑफिसात ये. सगळे कागद घेऊन."

"कागद आजच टपालानं जिल्ह्याला जातील साहेब," राघो म्हणाला. "मी एकटाच येतो."