काचबुवा आणि मशीनचा तांबडा डोळा

काचबुवांनी पेला उंच धरला आणि वृद्धाश्रमाच्या जेवणघरातल्या बावीस म्हाताऱ्या माना एकदम वर झाल्या.

पेला धुरकट होता. आतून-बाहेरून पांढरी साय चढल्यासारखा.

"बघा, लेकरांनो," बुवा म्हणाले. बुवा स्वतः जेमतेम चाळिशीचे आणि समोरचं सगळ्यात धाकटं लेकरू अडुसष्ट वर्षांचं; पण ते कुणाला खटकलं नाही. "पाणी स्वच्छ, साबण उत्तम, भांडी धुवायला एवढं मोठं मशीन. मग काचेवर हे मळभ कसलं? हा उसासा आहे उसासा! दुःखी हाताचा उसासा!"

त्यांनी झारीतलं मंत्रजल पेल्यात ओतलं, चार थेंब बाहेरून चोळले, डोळे मिटून पुटपुटले, जरा थांबले. मग पांढऱ्या फडक्याने पेला पुसून खिडकीशी धरला. काच लख्ख! पलीकडचं झाड पानापानासकट दिसत होतं.

"अगं बाई!" पुढच्याच खुर्चीवर बसलेल्या आक्कांनी हात जोडले. त्यांचं बघून सगळ्यांनीच जोडले.

तराजूकाकांनी मात्र जोडले नाहीत. एक तर त्यांच्या हातात चहाचा कप होता. दुसरं म्हणजे वजनमापं खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचे हात असे सहजासहजी जुळत नाहीत. दुकानदार गोड बोलायला लागला की ते आधी पारड्याखाली काय चिकटवलंय ते बघत. इथे आल्यापासून ते सूपसुद्धा संशयाने ढवळत.

आज त्यांनी मनात दोन गोष्टी टिपल्या. मंत्र संपल्यावरही बुवा थांबतात. कशासाठी? काम मंत्राने होत असेल तर मंत्र संपल्यावर वाट कशाची बघायची? आणि मंत्रजलाला आंबूस वास येतो.

एरवी त्यांनी गंमत म्हणून सोडूनही दिलं असतं. पण दुःखी हात कुणाचा, हे बुवांनी नाव न घेता सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी मशीनवर नवीन मावशी आल्या. गेल्या वर्षीच त्यांचा नवरा गेलेला. भांडी धुरकटायला लागली तीही त्या आल्यापासून. आता आक्का मावशींच्या हातचं पाणी घेत नसत. उशाशी स्वतःचा स्टीलचा पेला ठेवत. आणि बुवांचा उपाय तयार होता: मावशींना काढा, आमची शिष्या ठेवा, दर गुरुवारी शुद्धी करू.

संध्याकाळी काका स्वयंपाकघरात गेले. मावशी मशीनसमोर पेले कपड्याने घासत होत्या.

"मशीन असून हाताने?"

"मग काय करू, काका? मशीनमधून काढले की पिठात बुडवल्यासारखे निघतात. साबण बदलला, कमी घातला, जास्त घातला. काही उपयोग नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "शुक्रवारपासून येऊ नका म्हणाल्यात व्यवस्थापक बाई. वरची खोलीपण सोडायची. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. आणि खरं सांगू? आता मलाच वाटायला लागलंय, असेल माझ्या हातात काहीतरी."

काकांना राग आला तो या शेवटच्या वाक्याचा.

"मशीन चालवायला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. आधीचे मशीनदादा मी यायच्या आदल्या दिवशीच काम सोडून गेले. पंधरा वर्षं एकहाती चालवलं म्हणे, कुणाला जवळ फिरकू देत नव्हते. मला बाईंनी फक्त बटण दाखवलं."

काका वाकले. मशीनच्या पट्टीवर बटणांच्या शेजारी बुवांचं सोनेरी चित्र चिकटवलेलं होतं.

"हे कधी लावलं?"

"बुवा पहिल्यांदा आले त्याच दिवशी. म्हणाले, मशीनचा डोळा बांधतो. आले ते सरळ इथेच आले बघा, इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही."

"बरोबर इथेच?" काका म्हणाले आणि व्यवस्थापक बाईंच्या खोलीकडे निघाले. बाई आधी वैतागल्या. "काका, तुम्हाला देवावरसुद्धा शिक्का मारायचाय का?"

"देवाचं माप माझ्याकडे नाही. बुवांचं घेऊन बघू. एकदाच."

गुरुवारी जेवणघर पुन्हा भरलं. टेबलावर बारा पेले मांडलेले होते. सहा धुरकट, सहा चकचकीत.

"बुवा," काका फार नम्रपणे म्हणाले. त्यांना ओळखणाऱ्या दुकानदारांना या नम्रतेने घाम फुटत असे. "यातले काही पेले मावशींनी धुतलेत. काहींना त्यांचं बोटही लागलेलं नाही. दुःखी हात कुठे लागलाय तेवढं दाखवाल?"

बुवा हसले. "लेकरा, आंधळ्यालाही दिसेल." त्यांनी सहा धुरकट पेले बाजूला काढले. "हे बघा. उसासा!"

"बाई, हे सहा कुणी धुतले?"

व्यवस्थापक बाईंचा चेहरा पडला होता. "मी. काल मावशींची सुट्टी होती. मशीनमध्ये मीच लावले, मीच काढले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले."

"आणि हे चकचकीत?"

"ते मावशींनी. आज सकाळी माझ्यासमोर हाताने धुऊन पुसले."

जेवणघरात कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे उसासा बाईंचा निघाला की!"

"मशीनमध्ये त्या मावशीची सावली उतरली आहे!" बुवांचा आवाज चढला. "म्हणून तर मंत्रजल लागतं!"

"लागतं ना." काकांनी खिशातून बाटली काढली. "स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. मंत्र मला एकही येत नाही, मी पाढे म्हणतो." त्यांनी धुरकट पेल्यात व्हिनेगर ओतलं, बाहेरून चोळलं आणि चौदाचा पाढा सावकाश संपवला. मग पेला पुसून आक्कांच्या हातात दिला.

आक्कांनी चष्मा सारखा केला. काच लख्ख होती.

"हे मळभ म्हणजे पाण्यातले क्षार," काका म्हणाले. "आपलं पाणी जड आहे. पेला तसाच वाळला की पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. आंबट पदार्थात ते विरघळतात, फक्त जरा वेळ द्यावा लागतो. बुवा मंत्रानंतर थांबतात ते त्यासाठीच. हाताने धुऊन लगेच पुसलं तर क्षार बसायला पाणीच उरत नाही."

"पण मग आधी का नव्हते बसत?" आक्कांनी विचारलं.

"या, दाखवतो."

सगळे काठ्या टेकत स्वयंपाकघराच्या दारात जमले. काकांनी नखाने सोनेरी चित्र सोललं. खाली एक बारीकसा तांबडा दिवा जळत होता.

"हा मशीनचा डोळा. मशीनच्या माहितीपुस्तकात वाचलं मी. तीन महिने सांगतोय की मीठ संपलं. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. त्या मिठाच्या जोरावर मशीन जड पाणी हलकं करून घेतं. मशीनदादा गुपचूप मीठ भरत होते. जाताना गुपित बरोबर घेऊन गेले." त्यांनी तळाचं झाकण फिरवून उघडलं आणि कप्प्यात चमचा खडखडवला. आत मिठाचा एक खडासुद्धा नव्हता.

"मीठ आणायला हवं," बाई पुटपुटल्या.

"कशाला? या दारात रोज ओलांडता ते काय आहे?"

स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवलेलं पोतं मावशींनी उलटं केलं. मागच्या बाजूला मशीनचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: भांडी धुण्याच्या मशीनसाठी जाड मीठ.

काका मागे वळले. "बुवा, एकच शंका. नवखा माणूस हा दिवा शोधत बसतो. तुम्ही पहिल्याच दिवशी नेमका त्यावर हात ठेवलात. मशीन दुरुस्तीच्या कामावर किती वर्षं होतात?"

झारी जेवणघरातल्या टेबलावरच राहिली. बुवा फाटकापाशी पोचले होते.

कप्पा भरला, धुरकट पेल्यांना व्हिनेगर चोळलं, मशीन दोनदा चालवलं. दुसऱ्या खेपेला दार उघडलं तेव्हा पेले स्वच्छ निघाले होते. फक्त दोन जुने पेले धुरकटच राहिले. त्यांची काचच झिजली होती. ती मिठाने सुधारत नाही आणि मंत्रानेही नाही, हे काकांनी न विचारता सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "मावशी, शुक्रवारचं विसरा. मी चुकले."

आपले दोन्ही हात मावशींनी उलटसुलट करून पाहिले, जणू तीन महिन्यांनी परत मिळाले होते.

मशीन बिघडलं की मशीन उघडावं, दिवा लागला की तो काय सांगतोय ते वाचावं. यासाठी तराजूकाका असायची गरज नाही. बावीस जण रोज त्या पोत्यावरून पाय टाकत होते आणि दोष मात्र एका बाईच्या दुःखात शोधत होते. काचेवरचे क्षार पाढा म्हणेपर्यंत जातात. माणसावर ठेवलेला ठपका इतक्या लवकर जात नाही, म्हणून तो ठेवण्याआधी एवढी तपासणी तरी करावी.

आक्का खुर्चीवर बसल्या. स्टीलचा पेला त्यांनी पदराआड सरकवला. "मावशी," त्या म्हणाल्या, "घसा सुकलाय गं. पाणी दे. काचेच्या पेल्यात."

मावशींनी दिलं. आक्कांनी ते एका दमात संपवलं आणि पेला पुढे केला.

"आणखी."