सोळा खणांची पेटी

घड्याळजींच्या हातून आयुष्यात एकही स्क्रू हरवला नव्हता, आणि हे ते समोरच्याने विचारलं नाही तरी सांगत. घड्याळ उघडलं की त्याचा एकेक भाग सोळा खणांच्या लाकडी पेटीत ओळीने जायचा. काम संपलं तेव्हा एखादा खण भरलेला दिसला, तर घड्याळ पुन्हा उघडायचं. पेटी रिकामी म्हणजे काम चोख, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं.

दुकान मुलाच्या हाती देऊन ते घरी बसले आणि पेटीही घरी आली. त्याच सुमारास बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. बाई दूध बघितलं की नाक मुरडणारी, दही दिलं तर "सर्दी होते" म्हणणारी, त्यामुळे गोळ्यांवाचून इलाज नव्हता. घड्याळजींनी पेटी पुसली, खणांत गोळ्या लावल्या आणि बायकोच्या औषधांचा कारभार ताब्यात घेतला.

पुढे तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली, आणि आधीपासून काय चालू आहे हे ना त्यांनी विचारलं, ना यांनी सांगितलं. मग लेकीने हाडांच्या बळकटीसाठी म्हणून एक भलीमोठी बाटली धाडली. तिन्हींची नावं वेगळी, म्हणून खणही वेगळे. रोज सकाळी आठ वाजता पेटी घेऊन ते पलंगाशी उभे राहत, ती न बघता तळहात पुढे करी आणि एकेक खण रिकामा होई. "एवढा चुना पोटात गेलाय, आता माझ्यावर रंग द्या," असं ती हसून म्हणायची. अशी चार वर्षं गेली आणि एकही गोळी चुकली नाही.

मग जिना चढताना तिची छाती आवळायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पडद्यावर काही पांढरे ठिपके दाखवले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचलं होतं. घरी येताच घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि तिन्ही औषधांवरची बारीक अक्षरं वाचली. केसाएवढ्या स्प्रिंगवरचा ओरखडा ज्यांना दिसायचा, त्यांनी चार वर्षांत ही अक्षरं एकदाही वाचली नव्हती. तिन्ही औषधं म्हणजे कॅल्शियमच होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. माझ्यामुळे झालं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटा धीर दिला नाही. वय, रक्तदाब, साखर, कारणं पुष्कळ असतात. एकही गोळी न घेणाऱ्यांच्यातही असं साचतं. गोळ्यांबद्दल अभ्यास झालेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. "तीन-तीन घेणं जास्तच झालं. पण त्याच्यामुळे झालं का, ते सांगता येत नाही," ते म्हणाले. खाण्यातून मिळेल तेवढं घ्या, कमी पडेल त्यापुरती गोळी घ्या, ती किती हे हाडांच्या डॉक्टरांना विचारा, असंही त्यांनी नीट समजावलं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमच्या घड्याळजींनी तर ताकाची वाटीच दूर सारली.

घड्याळ बिघडलं की ते आधी बंद करायचं, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. बंद घड्याळाचं काही बिघडत नाही, कपाटात वर्षभर पडलं तरी ते तसंच असतं. त्यांनी तिन्ही खण रिकामे केले. बायकोने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनीच बंद केल्यात, असं सांगितलं. आणि दूध वाढव, हे सांगायचंही राहिलं, कारण कॅल्शियम हा शब्दच त्यांना नकोसा झाला होता. ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. जाऊन काय सांगणार होते? चार वर्षं कुणालाही न विचारता तिप्पट गोळ्या देत होतो म्हणून?

आठ महिन्यांनी अडकलेली खिडकी ओढून उघडताना तिच्या पाठीत कळ गेली आणि ती जागच्या जागी खाली बसली. एक मणका दबला होता. हाडांच्या डॉक्टरांनी जुने कागद बघितले आणि गोळ्या कुणी बंद केल्या, असं विचारलं. ती तिथेच बाकावर आडवी पडून सगळं ऐकत होती. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

"मी बंद केल्या," घड्याळजी म्हणाले. "चालू असत्या तर मोडलं नसतं का?"

डॉक्टर चिडले होते, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. हाडं आधीपासूनच ठिसूळ होती, चालू असत्या तरी मोडलं असतं कदाचित. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

घड्याळजींना वाटलं, कुणीतरी ठणकावून तूच केलंस म्हणावं, म्हणजे माणूस एकदाचा रडून तरी घेईल. इकडे आड आणि तिकडे विहीर हे त्यांनी आयुष्यभर लोकांकडून ऐकलं होतं. पण आपणच बायकोला आधी आडाशी आणि मग विहिरीशी नेलं का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हाडांचे आणि हृदयाचे डॉक्टर फोनवर बोलले आणि जेवणानंतर एकच लहान गोळी ठरली. हाडांसाठी एक वेगळं इंजेक्शन ठरलं, आणि रोज वाटीभर दही. घड्याळजींनी पेटी घेतली. पंधरा खण रिकामे होते. एकात ती गोळी होती, तिच्या पाकिटावरची अक्षरं त्यांनी भिंगाने सहा वेळा वाचली होती.

बायको पाठीला पट्टा लावून उताणी पडली होती. दह्याची वाटी तिने मुकाट्याने संपवली होती. हे पलंगाशी आले, पण पेटी उघडेनात.

"तू मला काहीच बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलू?" तिने छताकडे बघतच विचारलं. "तुम्ही दिल्यात म्हणून घेतल्या, काढल्यात म्हणून सोडल्या. मी कधी विचारलं का काही?"

तिला त्यांना धीर द्यायचा होता. पण या शब्दांहून वाईट त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

आणि तिने रोजच्यासारखा, न बघता, तळहात पुढे केला. घड्याळजींनी गोळी त्यावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"सोडा की," ती म्हणाली. "गिळायचीय मला."

पण त्यांना ती मूठ सोडवेना.