फुलीचा अर्थ

आईच्या हाताखाली शिवणकाम करणाऱ्या बायका तिच्या बोलण्याला कधी भ्याल्या नाहीत. त्या भ्यायच्या तिच्या खडूला. आई तयार झालेला कपडा उलटा करून टेबलावर पसरायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची आणि खडूच्या चपट्या वडीने खुणा करत जायची. आडवी रेघ म्हणजे इथे दुमड घाल. दोन टिंबं म्हणजे इथे काज कर. आणि फुली म्हणजे उसव, पुन्हा शिव. बाहीवर फुली पडली की त्या बाईचं तोंड एवढंसं व्हायचं. दिवसभराचं काम पाण्यात.

हे बघत मोठी झालेली आईची धाकटी मुलगी पुढे कॉलेजात चिन्हशास्त्र शिकवू लागली. विषयाचं नाव ऐकून लोक विचारायचे, "म्हणजे हात बघता का?" मुलांनी तिचं नाव 'खुणाबाई' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. घरी मात्र ती नुसती धाकटी.

बावीस वर्षं तिचा पहिला तास एकाच प्रकारे सुरू व्हायचा. काही न बोलता ती फळ्यावर मोठी फुली काढायची आणि विचारायची, "हे काय आहे?"

कुणी म्हणायचं, चुकलेलं उत्तर. कुणी म्हणायचं, गुणाकार. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास "फुली-गोळा!" म्हणायचं. एखादी मुलगी म्हणायची, मतपत्रिकेवर मारतात ती, म्हणजे पसंती. धाकटी सगळं ऐकून घ्यायची आणि मग आईच्या खडूची गोष्ट सांगायची. "दोन रेघा एकीवर एक पडल्या, एवढंच इथे घडलंय. 'चूक' त्या रेघांत नाही आणि 'पसंती'ही नाही. शेजारी दुमडीची रेघ आणि काजाची टिंबं होती, म्हणून माझ्या आईच्या टेबलावर फुलीला अर्थ होता. आणि तो सगळ्या बायकांनी मानला होता, म्हणून तो अर्थ होता. चिन्हाच्या पोटात अर्थ नसतो. तो मानणाऱ्यांच्या करारात असतो."

मुलं वहीत हे वाक्य उतरवून घ्यायची. परीक्षेत ते हमखास यायचं.

आईला झटका आला तेव्हा धाकटीचा तासच चालू होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं बरंचसं, पण किती ते सांगता येत नाही. आईच्याच घरात राहणारे दादा आणि वहिनी कामाला जुंपले गेले. खालच्या खोलीतलं शिवणाचं टेबल काढून तिथे खाट आली. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दर रविवारी फळं घेऊन यायची, खाटेशेजारी बसायची, दोन तासांनी उठायची. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटायचं, आई आपल्याशीच काहीतरी बोलते आहे. दुसऱ्या कुणाला कळत नाही ते आपल्याला कळतं आहे. शेवटी आपला विषयच तो.

असं दीड वर्ष गेलं. मग एका रविवारी दादाने तिच्यापुढे कागद ठेवला. घर विकायचं, आईला शुश्रूषागृहात ठेवायचं, याला आईची संमती. खाली सहीच्या रकान्यात, चौकटीला तिरकी टेकलेली, निळ्या शाईची फुली. शेजारी साक्षीदार म्हणून वहिनीची आणि तिच्या भावाची सही.

"आईने केली?"

"आमच्यासमोर. वाचून दाखवलं, पेन हातात दिलं. वकील म्हणाले, सही जमत नसेल तर खूण चालते."

धाकटीने कागद उचलून फुली जवळून बघितली. मग तिच्या आवाजाला धार आली. "दादा, तू याच घरात वाढलास ना? आईची फुली म्हणजे काय हे तुला माहीत नाही? उसव म्हणून सांगतेय ती! तुमचा हा अख्खा कागद उसवून टाका म्हणतेय!"

"तुझं चिन्हशास्त्र कॉलेजात ठेव."

"अरे, फुली मारणं म्हणजे नको म्हणणं, हे शेंबड्या पोराला कळतं!"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हात पुसत उभी होती. ती कधी मोठ्याने बोलायची नाही, तशीच आताही नाही बोलली. "दिवसातून चार वेळा कूस बदलावी लागते त्यांची. नाहीतर पाठीला जखमा होतात. माझी कंबर गेलीय, यांची रजा संपलीय. तुम्ही रविवारी येता, संत्री सोलता आणि जाता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!"

धाकटीला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. पण त्या क्षणी तिने ते बाजूला सारलं. आईवर अन्याय होतो आहे आणि तो वाचता येणारी आपण एकटीच आहोत, या विचारात एक प्रकारची ऊबही होती.

सोमवारी तिने रजा टाकली आणि नोंदणी कचेरी गाठली. अधिकारी जाड भिंगांच्या चष्म्याचा, निवृत्तीला टेकलेला माणूस होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी खडू आणि काजांसकट. मग कागदाच्या प्रतीवर बोट ठेवलं.

"बाई, ही फुली कुठे आहे?"

"कागदावर."

"कागदावर कुठे?"

तिने प्रत जवळ ओढून पुन्हा बघितली.

"सहीच्या रकान्यात आहे. मजकुरावर मारली असती तर मी म्हटलं असतं, खोडलं. समासात असती तर म्हटलं असतं, शाई सांडली. रकान्यात आहे म्हणून सही. तुमच्या मातोश्रींच्या टेबलावर काय चालायचं ते इथे चालत नाही. इथे इथलं चालतं."

बावीस वर्षं ती जे शिकवत आली, ते या माणसाने तिला चार वाक्यांत ऐकवलं होतं, आणि तेही तिच्यापेक्षा सोपं करून. जागा बदलली की अर्थ बदलतो. मानणारे बदलले की अर्थ बदलतो. एकही मुद्दा खोडता येईना.

तिचा पडलेला चेहरा बघून त्याला दया आली असावी. "त्यांची इच्छा वेगळी असेल तर तसं लिहून त्यांची खूण आणा. साक्षीदार दोन. मी थांबवतो."

संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मला घर विकायचं नाही. मला इथेच राहायचं आहे.' खाली रुंद रकाना आखला. दादा कामावर होता. वहिनी बाजूला होऊन खिडकीपाशी उभी राहिली.

धाकटीने कागद दोनदा वाचून दाखवला. आईने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. धाकटीने पेन तिच्या डाव्या हातात दिलं. हात हळूहळू वर आला, रकान्यावर टेकला. एक रेघ. तिच्यावर दुसरी रेघ.

फुली.

क्षणभर धाकटीला रडू फुटेल असा आनंद झाला. "बघितलंस वहिनी? बघितलंस?" म्हणत ती वळलीही. आणि वळता वळताच थांबली.

फुली म्हणजे नको, असं काल तीच ओरडून सांगत होती. मग आई म्हणत होती, मला इथे राहायचं नाही. आणि फुली म्हणजे सही मानली, तर दादाच्या कागदावरचीही सहीच होती. हा कागद कचेरीत द्यायचा तर तोही मान्य करावा लागणार. कुठूनही धरलं तरी हात भाजत होता.

वहिनी जवळ आली. खाटेखालून तिने जुनी वर्तमानपत्रं काढली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली. बातम्यांवर, जाहिरातींवर, माणसांच्या चेहऱ्यांवर, समासात, सगळीकडे निळ्या फुल्या.

"वेळ जावा म्हणून पेन देते मी त्यांना," वहिनी म्हणाली. "हात तेवढाच चालतो हो."

"मग तुमच्या कागदावर..."

"ते मला विचारू नका." वहिनीने पहिल्यांदाच नजर चुकवली. "तुमच्या कागदाचं तुम्ही बघा."

धाकटीने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. तो कचेरीत गेला नाही. दुसऱ्या महिन्यात घर विकलं गेलं. आईला न्यायला गाडी आली त्या दिवशी धाकटीच्या कॉलेजात परीक्षा होत्या. रजा मिळाली असती. तिने मागितली नाही.

शुश्रूषागृहात ती पहिल्यांदा गेली ती पाच आठवड्यांनी. आईला खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. केस विंचरून घट्ट वेणी घातलेली. जवळ एक मावशी होती, तिथली कामवाली. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची, दुसरीच भाषा बोलत वाढलेली. आपली भाषा ती मोडकीतोडकी बोलायची.

"तू मुलगी? ये, ये. आजी हुशार आहे फार."

"त्यांना बोलता येत नाही," धाकटी म्हणाली.

"येते की! खिडकी बघते म्हणजे पाणी. अंगठा असा चोळते म्हणजे पाय दुखते. डोळे मोठे करते म्हणजे हो. डोळे मिटून धरते म्हणजे नको." मावशी हसली. "पहिला आठवडा मी सगळं चुकलं. आजी रागावली. मी परत विचारलं, परत चुकलं. मग जमलं. रोज नवीन काही निघते. काल आम्ही दोघी हसलो किती!"

धाकटी ऐकत होती. पाच आठवड्यांत या बाईने आईबरोबर बसून, चुका करून, तिचा राग सोसून एक अख्खी भाषा उभी केली होती. दीड वर्षाच्या रविवारांत धाकटीने आईच्या चेहऱ्याचे अर्थ लावले होते. आईला एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी, मी थोडा वेळ बसू का, विचाराल त्यांना?" आवाज सहज ठेवायचा तिने प्रयत्न केला.

मावशी आईसमोर उकिडवी बसली आणि तिचा हात हातात घेतला. "आजी, मुलगी आली. बसू दे तिला इथे?"

आईने धाकटीकडे बघितलं. नजर स्वच्छ होती, ओळखीची होती. मग तिने डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले.

मावशीचा हात तसाच राहिला. मग ती घाईघाईने उठली. "झोप आली असेल. जेवणानंतर येते झोप. तू पुढच्या वेळी सकाळी ये, हां?"

"हो," धाकटी म्हणाली. "झोपच असेल."

फळांची पिशवी तिने मावशीच्या हातात दिली आणि जिना उतरून बाहेर पडली.