पितळी बटणं आणि बेरजा

संशयाला औषध नाही म्हणतात. मी म्हणायचे, औषध हवंच कशाला? संशय हा काही आजार नाही, डोळे उघडे ठेवणाऱ्या बाईचा तो गुण आहे.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. शाळेच्या छपराचं काम निघालं, पोरांना घरी बसवलं आणि शाळेतल्या बाईंनी फर्मान काढलं: घरातल्याच वस्तू घेऊन बेरजा करून घ्या, चमच्यांच्या जोड्या लावायला सांगा, टेबल वितीनं मोजायला लावा. म्हणजे शिकवायचं आम्ही आणि पगार त्यांना! मला मशीनवरून मान वर करायला फुरसत नाही. शिकवायला बसलेच, तर दुसऱ्या चुकीला माझा आवाज चढतो.

तेव्हा धाकटी जाऊ आपणहून म्हणाली, "ताई, मी बसत जाईन टिल्लीला घेऊन."

टिल्ली म्हणजे माझी लेक, दुसरीतली. धाकटी वरच्या मजल्यावर राहते, स्वेटर विणून विकते. तिला मूलबाळ नाही, आणि टिल्लीचं तर काकूवाचून पान हलत नाही. रोज दुपारी दोघी माझा बटणांचा डबा घेऊन मागच्या खोलीत बसायला लागल्या.

आणि डबा हलका व्हायला लागला.

आधी शर्टाची निळी बटणं कमी वाटली. मग काळी. मी मनात म्हटलं, इथे पाणी मुरतंय. हिच्या स्वेटरांना बटणं लागतातच की! शिवाय मी मागच्या खोलीत गेले की दोघींचं बोलणं थांबायचं. एकदा तर दाराशी उभी राहून मी ऐकलं. धाकटी हळूच विचारत होती, "घेतलास ना? शाबास. विसरायचं नाही हं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः तर स्वतः, वर माझ्या पोरीलाही वळण लावतेय!

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "टिल्लीला विचारलंस का?"

"एवढ्याशा पोरीला काय विचारायचं? ती काकूचीच बाजू घेणार."

"मग मला तरी कशाला विचारतेस?" असं म्हणून हे आंघोळीला गेले. ह्यांचं हे नेहमीचंच.

तशात एक गिऱ्हाईक आलं, दवाखान्यातली नर्स. वडील वारले होते तिचे. त्यांच्या जुन्या कोटाची पितळी बटणं तिला स्वतःच्या नव्या कोटाला लावून हवी होती. "एवढंच उरलंय त्यांचं," म्हणाली. मी बटणं उसवून डब्यात ठेवली. ठेवायला नको होती, पण डबा माझा, घर माझं! कोट तयार झाला, काजं झाली, आणि बटणं लावायला घेतली तर एक कमी. तोंडचं पाणी पळालं माझ्या. तसं बटण आता बाजारात कुठून आणू? आणि त्या पोरीला काय तोंड दाखवू?

दुपारी धाकटी आली तेव्हा मी मशीन थांबवलं. "आमच्या डब्याला पाय फुटलेत वाटतं," मी म्हटलं. "बाहेरचं तर कुणी मागच्या खोलीत जात नाही."

तिचा चेहरा उतरला. "ताई, काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी कुठे कुणाचं नाव घेतलं? चोराच्या मनात चांदणं!"

टिल्ली समोरच होती. धाकटीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, विणकामाची पिशवी उचलली आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बघा, मी म्हटलं, आली का? हा सूर्य, हा जयद्रथ!

टिल्लीनं रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून शेवटी मीच डबा घेऊन बसले. सत्तावीस अधिक पंधरा. पोरीनं बटणांचे ढीग मांडले. सात आणि पाच बारा, पाटीवर दोन लिहिले, वर हातचा एक लिहिला, सगळं कसं बरोबर. आणि मग ढिगातलं एक बटण उचलून फ्रॉकच्या खिशात टाकलं.

"ते काय गं?"

"हातचा," ती म्हणाली. "काकू रोज विचारते, हातचा घेतलास ना? विसरायचा नाही म्हणते. मी एकदासुद्धा विसरले नाही!"

मोठ्या अभिमानानं तिनं कपाटातून एक जुना मोजा आणला आणि माझ्या मांडीवर उपडा केला. निळी, काळी, पांढरी बटणं, आणि त्यांत ते पितळी. काकू आपली पाटीवर लक्ष ठेवून; पोरीचा हात खिशात जातो हे तिनं बघितलंच नव्हतं. मला हसू आलं, आणि लगेच ते विरलंही. मी काय करून बसले होते!

तशीच वर गेले. धाकटीचे हात धरून म्हटलं, "चुकलं माझं. जीभ जळो माझी." सगळं सांगितलं. हातच्याचं ऐकून ती हसलीसुद्धा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "उद्या येते," म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. नर्सचा कोटही संध्याकाळी गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. मागच्या खोलीत दोघींची वजाबाकी रंगली. मी मुद्दाम दाराकडे पाठ करून मशीन चालवत होते. जायच्या वेळी ती पुढच्या खोलीत आली, माझ्या कापडं बेतायच्या टेबलापाशी थांबली, आणि तिनं आपली पिशवी त्यावर उलटी केली. लोकरीचा गुंडा, सुया, किल्ली, रुमाल.

"अगं, हे काय करतेस?" मी उठलेच.

"असू दे ताई. रोज जाताना बघत जा. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

टिल्लीला वाटलं, हा नवा खेळ. ती धावत आली आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून मोजायला लागली.

"मोज हं, नीट मोज," धाकटी तिला मायेनं म्हणाली, "आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं मोज."