निम्मी वर्गणी

नानांनी मोबाइल हातभर लांब धरला, मान मागे घेतली आणि 'पाठवा' या बटणावर दाराची बेल वाजवावी तसे बोट दाबले. समोर त्यांची मुलगी मांडीवर वही घेऊन बसली होती. वय बत्तीस, पण घरात तिचे बिट्टी हे नाव काही सुटले नव्हते.

"गेले," नाना म्हणाले.

"आता पुढे जे करावंसं वाटेल ते करा. मी इथे नाहीच असं समजा."

"अख्खी खुर्ची अडवून बसलीयस आणि म्हणे नाहीच."

बिट्टीच्या बँकेत ग्राहकांसाठी मोबाइलमधले पाकीट तयार होत होते. किराणा, दवाखाना, पोरांची फी, सगळे त्यातूनच भागावे असा बेत होता. पण पाहणीत एक गोष्ट सारखी दिसायची. पैसे पाठवले की दहातली सात माणसे लगेच फोन लावून विचारायची, 'आले का?' लोकांना आपल्यावर भरवसा नाही, असे बिट्टीच्या विभागाच्या प्रमुखबाईंनी ठरवून टाकले आणि तो भरवसा बसवायचे काम तिच्या गळ्यात पडले. तीन महिने डोके खपवून तिने एक स्क्रीन केला. पैसे पोचले की मोठी हिरवी खूण आणि खाली 'पोचले'. समोरच्याने उघडून बघितले की त्याखाली 'पाहिले'. म्हणजे विचारायला जागाच उरत नव्हती. आधीचे तिचे दोन स्क्रीन केराच्या टोपलीत गेले होते, त्यामुळे या तिसऱ्यावर तिचा फार जीव होता. निकाल सोमवारी लागणार होता. चाचणीला घरचीच माणसे होती आणि अट साधी होती. पाठवणाऱ्याने फोन केला की स्क्रीन नापास.

नाना दर महिन्याला एकाच माणसाला पैसे पाठवत, त्यांच्या थोरल्या बहिणीला. दोघांत मिळून शब्दकोड्यांचे एक मासिक येई. ते आधी आत्याकडे जाई. ती पेन्सिलीने कोडी सोडवी, खोडरबराने सगळे साफ पुसे आणि अंक टपालाने भावाला पाठवी. पुसलेली उत्तरे अर्धीअधिक दिसतच असत. नाना ती बघून मग आपल्या बुद्धीची तारीफ करत. या अंकाची निम्मी वर्गणी म्हणजे दोन कप चहाचे पैसे.

"वर्षाचे एकदम देऊन टाका ना," बिट्टी कितीदा तरी म्हणाली होती.

"विसरेल ती," नाना म्हणत. यात कोण काय विसरणार, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा नव्या स्क्रीनवरून पैसे पाठवले. हिरवी खूण उमटली. नानांनी ती नीट पाहिली, "छान केलंयस हं," म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. बिट्टीने वहीत 'फोन: शून्य' असे लिहिले आणि त्या दिवशी ती हवेतच होती.

चार दिवसांनी आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "या महिन्यात तुझ्या आत्याशी बोलणंच झालं नाही यांचं."

"का?"

"मी म्हटलं, लावा फोन. तर म्हणाले, आता काय विचारू? पोचलेच की."

बिट्टीने वहीतले ते शून्य पुन्हा काढून पाहिले. तिने घाईघाईने आठवून पाहिले. 'आले का' एवढे विचारून नानांनी एकदाही फोन ठेवला नव्हता. त्यातून गुडघे निघत, शेजारी निघत, आडवे सात उभे बारा निघत. तासभर रिसीव्हर खाली यायचा नाही. नुसते बोलायला म्हणून बहिणीला फोन करणे मात्र या माणसाला जन्मात जमले नसते. आपण तीन महिने खपून नेमके काय बंद पाडले, ते तिला तेव्हा कळले.

म्हणून आज तिला धड काही मागताही येत नव्हते. नानांनी फोन केला तर स्क्रीन गेला, नाही केला तर आत्या गेली.

हिरवी खूण उमटली. नानांनी चष्म्यावरून ती पाहिली. मग टेबलावरचा मासिकाचा अंक उचलला, मोबाइलवर नीट पालथा घातला आणि घरातल्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावला.

"आक्का, आले का गं?"

आत्याला कमी ऐकू येई, त्यामुळे ती बोलायची ते खोलीभर ऐकू जायचे.

"थांब हं, चष्मा शोधते. तू कसा आहेस?"

"मी मजेत. तू सावकाश बघ."

बिट्टी हळूच उठली. पाणी प्यायला निघाल्यासारखे करून तिने जाता जाता अंकाचा कोपरा उचलला. हिरव्या खुणेखाली 'पोचले' होते आणि त्याखाली 'पाहिले' होते.

"नाही रे, अजून काही दिसत नाही," पलीकडून आत्या म्हणाली. "येतील. आपण बोलू तोवर."

"मला कुठे घाई आहे?" नाना म्हणाले आणि त्यांनी पायाने स्टूल जवळ ओढले. "काय गं, आडवे नऊचं तू काय लिहिलं होतंस? यावेळी नको इतकं स्वच्छ पुसलंयस."

आईने दारातून डोकावून पाहिले आणि चहाखालचा गॅस बंद केला. बिट्टीने अंक होता तसा मोबाइलवर परत ठेवला. खुर्चीत बसून तिने वही उघडली. 'फोन: एक' असे तिने स्वच्छ अक्षरात लिहिले. सोमवारी प्रमुखबाई काय म्हणतील, ते तिला माहीत होते. पुढच्या रकान्यात छापील प्रश्न होता, 'पैसे पोचल्याची खात्री वाटली का?'

तिने लिहिले, 'हो. दोघांनाही.'