काळ्या ओळींखालचं

सरकारी कार्यालयात चूक कुणाचीही असो, ती गळ्यात पडते सगळ्यात खालच्या टेबलाच्या. संस्कृतीचं टेबल तर दाराशीच होतं. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी ती अनुकंपेवर लिपिक म्हणून लागली, आणि पुंडलिकनगरातलं घर आता तिच्याच पगारावर चालत होतं.

खुलताबादकडच्या गोजरबाईची लेक निशा मुलींच्या सरकारी वसतिगृहात आजारी पडून दगावली, त्याला दोन वर्षं झाली. "आम्ही फोन लावला होता, तुमचाच बंद होता," असं अधीक्षिकेनं आईला सांगितलं. गोजरबाईचा फोन जुना, वायर दाबून धरली तरच चार्ज व्हायचा. त्या दिवसापासून बाई स्वतःलाच दोष देत होती. तिनं संस्कृतीच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात निशाच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल मागितला, तर तिथल्या सोमनाथराव साहेबांनी 'त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती' असा शेरा मारून तो संस्कृतीला निम्मा काळा करायला लावला.

"झेरॉक्सवर मार्कर मारला की उजेडात दिसतं, मॅडम. मूळ कागदावरच मारा, मग झेरॉक्स काढा," साहेब म्हणाले होते. आता यात शहाणपण ते काय? पण संस्कृतीनं विचारलं नाही. साहेबाला कोण विचारतं?

गोजरबाई अपिलात हरली, पण हटली नाही. प्रकरण खंडपीठात गेलं. न्यायमूर्तींनी आदेश दिला: झाकलेलं खरंच झाकण्याजोगं होतं का, हे आम्ही वाचून ठरवू, मूळ अहवाल सीलबंद पाकिटात आणा. आदेश वाचून संस्कृतीच्या पायाखालची वाळू सरकली. कापसावर स्पिरिट घेऊन तिनं एक ओळ पुसून पाहिली, तर मार्करबरोबर खालचं पेनही गेलं. अहवाल हातानं लिहिलेला, प्रत एकच, आणि लिहिणारे अधिकारी गेल्या वर्षीच वारले होते.

"शाई सांडली म्हणायचं," साहेबांनी दटावलं. "नाहीतर नोकरी गेली समजा, मॅडम."

तारखेला संस्कृतीही साहेबांबरोबर गेली; कोर्टात पाकिटाचं सील फोडलं. न्यायमूर्तींनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चष्मा काढला.

"हेही काळंच आहे."

"लिपिकाच्या हातून शाई सांडली, मिलॉर्ड," साहेब म्हणाले.

"पट्टी लावून सांडली का?"

कुणीतरी हसलं. मागच्या बाकावरून गोजरबाई उठली. तिचे वकील 'बसा, बसा' करत होते, पण ती कसली बसते.

"साहेब, मला कुनाला सजा नगं. माझा फोन बंद व्हता का, तेवढंच बघा. तेवढं तरी दिसतंय का?"

न्यायमूर्तींनी पान उजेडाकडे धरलं आणि नकारार्थी मान हलवली.

मार्कर मारायचा तर ओळ आधी वाचावी लागते. संस्कृतीनं एकूण एक ओळ वाचली होती, आणि त्यातलं काहीच विसरता येण्यासारखं नव्हतं. घरी आई होती, धाकट्या बहिणीचं कॉलेज होतं. तरी ती उभी राहिली.

"मी वाचलंय, मिलॉर्ड. साहेबांच्या सांगण्यावरून मीच काळं केलं. शपथेवर सांगते."

सोमनाथराव मान वळवून बघत राहिले. न्यायमूर्तींनी स्टेनोला लिहून घ्यायची खूण केली. संस्कृती गोजरबाईकडे वळली.

"मावशी, तुम्हाला फोन लावलाच नव्हता. निशानं तीनदा वसतिगृहाच्या ऑफिसात जाऊन तुमचा नंबर सांगितला, तरी लावला नाही."

गोजरबाईनं पुढच्या बाकाला घट्ट धरलं. "म्हंजी माझ्या फोनमुळं नाय झालं. दोन वरसं म्या सोताला जाळलं गं... पुढं काय लिव्हलं व्हतं?"

पुढं एकच ओळ होती. संस्कृतीला मनापासून वाटलं, ही मात्र झाकावी. कुठल्या कलमात बसली असती कोण जाणे, पण एवढी एक झाकावी. तिनं न्यायमूर्तींकडे पाहिलं.

"सांग पोरी. आता तू झाकू नगं."

"'फोन लावलाय, आई निघालीय,' असं अधीक्षिकेनं निशाला सांगितलं," संस्कृती म्हणाली. "मग ती दिवस मावळेपर्यंत फाटकापाशी बसून होती."

"मी तर घरीच व्हते गं," गोजरबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.